बालदिनाची तीन तिकिटे

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, की नाशिकच्या हवेत गारठा जाणवू लागतो आणि शाळाशाळांतून बालदिनाची धांदल सुरू होते. पताका लागतात. फळ्यावर रंगीत खडूंनी गुलाब रेखले जातात. पांढरी टोपी घातलेला आणि छातीशी फूल खोवलेला एखादा छोटा ‘नेहरू’ व्यासपीठावर मिरवतो. पाहुणे भाषण करतात, खाऊ वाटला जातो आणि दुपारपर्यंत सारे आपापल्या घरी जातात. शिक्षक म्हणून व पुढे मुख्याध्यापक म्हणून मी असे कितीतरी बालदिन पाहिले, साजरेही केले. परंतु हा दिवस मुळात कशासाठी आला, याचा विचार मी फार उशिरा केला; आणि तो करावयास मला भाग पाडले ते माझ्याच एका विद्यार्थिनीने.

एकदा वर्गात कोणीतरी विचारले, ‘सर, बालदिन केव्हापासून सुरू झाला?’ मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘पंडित नेहरू १९६४ साली वारले. त्यांना मुले फार प्रिय होती, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा जन्मदिवस बालदिन म्हणून पाळण्यात येऊ लागला.’ मी लहानपणी असेच ऐकले होते. अनेकांनी असेच ऐकलेले असते. दुसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी एक जुने पाकीट घेऊन माझ्याकडे आली. तिचे आजोबा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. पाकिटावर तीन टपाल तिकिटे होती आणि त्यांवर टपालखात्याचा शिक्का होता. ती अदबीने म्हणाली, ‘सर, आजोबा म्हणतात ही बालदिनाची तिकिटे आहेत. पण शिक्क्यावरची तारीख १४ नोव्हेंबर १९५७ आहे. मग बालदिन १९६४ नंतर कसा सुरू झाला?’

मुलीच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९५७ साली पंडितजी हयात होते, देशाचे पंतप्रधान होते. ज्या दिवसाची तिकिटे त्या वर्षी निघाली, तो दिवस सात वर्षांनंतर सुरू झाला असे म्हणणे म्हणजे आधी पीक कापून मग पेरणी केली असे म्हणण्यासारखे होते. मी वर्गात जाऊन माझी चूक मुलांसमोर सांगितली. गुरुजनांनी चूक कबूल केली तर त्यांचा मान कमी होतो, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव याच्या उलट आहे. त्या दिवसापासून माझ्या वर्गातील मुले अधिक प्रश्न विचारू लागली.

ती तीन तिकिटे मी नंतर नीट पाहिली. नाशिककरांना त्यांचे विशेष अगत्य वाटावे, याला कारण आहे. १९२६ पासून आपल्या देशाची टपाल तिकिटे नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. संत व कवी यांची १९५२ मधील प्रसिद्ध तिकिटमाला तेथेच तयार झाली आणि १९५७ ची ही तीन तिकिटेही तेथेच. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणे-पैचा जुना हिशेब जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. म्हणून तिकिटांच्या किमती होत्या आठ, पंधरा आणि नव्वद नवे पैसे. आठ पैशांच्या तिकिटावर केळे खाणारा एक मुलगा आहे. पंधरा पैशांच्या तिकिटावर पाटीवर लिहिणारी एक मुलगी आहे. नव्वद पैशांच्या तिकिटावर आहे मातीचा खेळण्यातला घोडा, बंगालमधील बांकुडा येथील कारागीर घडवितात तसा. पहिल्या तिकिटाचा विषय पोषण, दुसऱ्याचा शिक्षण आणि तिसऱ्याचा खेळ.

आणखी काही वर्षांची बालदिनाची तिकिटे आठवून पाहा. १९५८ सालच्या तिकिटावर आजारी मुलाची शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. १९५९ सालच्या तिकिटावर बालगृहात प्रवेश मिळण्याची वाट पाहणारी मुले आहेत. १९६३ सालच्या तिकिटावर शाळेत जेवणारी मुले आहेत. गुलाब नाही, हार नाही, पुढाऱ्याची प्रतिमा नाही. ज्याचा जन्मदिवस त्याचेही चित्र नाही. पंडितजींची प्रतिमा बालदिनाच्या तिकिटावर आली ती १९६४ साली, म्हणजे ते गेल्यानंतरच्या पहिल्या बालदिनी. ती येणे स्वाभाविकच होते. २७ मे १९६४ रोजी झालेल्या त्यांच्या निधनाचे दुःख ताजे होते. तथापि मला असे वाटते, की त्या सुमारास आपल्या मनातही एक बदल झाला. तोपर्यंत या दिवसाच्या मध्यभागी मूल होते. पुढे मुलाच्या जागी थोर पुरुष आला, आणि मूल टोपी घालून त्यांची नक्कल करू लागले.

बालकांसाठी स्वतंत्र दिवस असावा, ही कल्पना जगात कशी रुजली हेही पाहण्यासारखे आहे. पहिले महायुद्ध संपले तरी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी लगेच उठली नव्हती. ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांतील मुले अन्नावाचून तडफडत होती. इंग्लंडमधील एग्लंटाइन जेब या बाईंना हे पाहवेना. त्यांनी लंडनमध्ये भुकेल्या मुलांची चित्रे असलेली पत्रके वाटली, त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड झाला. ज्यांनी सरकारच्या बाजूने हा खटला चालविला, त्या वकिलांनीच दंडाइतकी रक्कम आपल्या खिशातून दिली, असे सांगतात. १९१९ साली जेबबाईंनी शत्रूच्या मुलांसाठी मदतनिधी उभा केला. ‘शत्रूची मुले’ हा शब्दप्रयोगच त्यांना मान्य नव्हता. मूल कोणाचेही असो, ते उपाशी असेल तर त्याला अन्न मिळालेच पाहिजे, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी तयार केलेली बालहक्कांची पाच कलमे १९२४ साली जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाने स्वीकारली. संकटाच्या वेळी मदत प्रथम मुलांना पोहोचली पाहिजे, असे त्यांतील एक कलम आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने हे काम पुढे नेले. १४ डिसेंबर १९५४ रोजी त्याच्या आमसभेने सर्व राष्ट्रांना शिफारस केली, की प्रत्येकाने आपल्याला योग्य वाटेल तो दिवस निवडून बालदिन पाळावा. २० नोव्हेंबर १९५९ रोजी बालहक्कांचा जाहीरनामा संमत झाला आणि बरोबर तीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, बालहक्कांचा करार संमत झाला. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी २० नोव्हेंबर हा बालदिन असतो. आपण मात्र १४ नोव्हेंबर हा दिवस पाळतो. बालदिनाचे मूळ असे युद्धानंतरच्या भुकेत आहे. हे एकदा ध्यानात आले, की पहिल्या तिकिटावर केळे खाणारा मुलगा का आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

मग आपल्या देशाने पंडितजींचाच जन्मदिवस का निवडला? त्यांना मुले आवडत, हे तर खरेच. दुसऱ्या महायुद्धात टोकिओच्या प्राणिसंग्रहालयातील हत्ती गेले होते. तेथील मुलांनी पंडितजींना पत्रे लिहून हत्ती मागितला आणि १९४९ साली त्यांनी ‘इंदिरा’ नावाची एक हत्तीण जपानच्या मुलांना भेट दिली. परंतु मुले आवडणे निराळे आणि मुलांना आपल्या बरोबरीचे समजून त्यांच्याशी बोलणे निराळे. कन्या दहा वर्षांची असताना, १९२८ साली, त्यांनी तिला पृथ्वीच्या जन्मापासूनची कथा पत्रांतून सांगितली. पुढे १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून त्यांनी तिच्यासाठी जगाचा इतिहास पत्ररूपाने लिहिला. ती त्यांतील काही काळ आपल्या पुण्यात शिकत होती. राजकारणाच्या वादळात सापडलेला हा पिता मुलीला कोठेही उपदेशाचे डोस पाजीत नाही. तिच्या बुद्धीवर विश्वास ठेवून बोलतो.

येथे मला दुसऱ्या एका बंदिवानाची आठवण होते. पंडितजी डेहराडूनच्या तुरुंगात ही पत्रे लिहीत होते, त्याच सुमारास, फेब्रुवारी १९३३ मध्ये, आपल्या नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ते लेखन केले. एक जण मुलीला जगाची ओळख करून देत होता, दुसरा मुलांना आईच्या मायेची ओळख करून देत होता. ज्या सरकारने या दोघांना कोंडले, त्याला कल्पनाही नसेल, की त्या भिंतींआड भारतातील मुलांसाठी एवढे मोठे धन साठत आहे. पुढच्या पिढ्यांनी आपल्यापेक्षा चांगले जगावे, या एकाच आशेवर दोघे लिहीत होते. म्हणून बालदिन हा ज्या माणसाच्या नावे आहे, त्याची नक्कल करण्यापेक्षा त्याची ही आशा पुरी झाली की नाही हे तपासणे, हाच मला त्याचा खरा सन्मान वाटतो.

ती तपासणी कशी करावयाची? तीन तिकिटे हीच तिची फूटपट्टी आहे.

प्रथम शिक्षण घेऊ. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा असा एक इतिहास आहे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला, शेतकरी कुटुंबातील एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. हेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ज्याला स्वतः अक्षरओळख उशिरा झाली, त्याला अक्षराची किंमत कळली. त्याआधी १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. १९११ साली नामदार गोखले यांनी तसे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण सक्तीचे व मोफत केले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले. तथापि शिक्षण हा मुलाचा हक्क आहे असे सांगणारा कायदा प्रत्यक्षात अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. हा विलंब पन्नास वर्षांचा आहे. तेवढ्या काळात कितीतरी पाट्या कोऱ्या राहिल्या.

पोषणाची गोष्टही अशीच आहे. शाळेतील जेवणाचे तिकीट १९६३ साली निघाले. सबंध देशासाठी शालेय आहाराची योजना सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यापूर्वी २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन अंगणवाड्या गावोगाव निघू लागल्या होत्या. या अंगणवाडीची कल्पना सरकारी कचेरीत जन्मलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून त्या स्वतः मुलांच्या अंगणात गेल्या. जी मुले गुरे चारावयास जात, त्यांच्यासाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. ‘मुले शाळेत का येत नाहीत?’ असे आपण चिडून विचारतो. या दोघींनी तोच प्रश्न उलटा करून विचारला: शाळा मुलांकडे का जात नाही?

तिसरे तिकीट खेळाचे. हे सर्वांत महाग असले, तरी आपण ते सर्वांत स्वस्त मानतो. अभ्यास झाल्यावर वेळ उरला तर खेळ, अशी आपली रीत आहे. वास्तविक विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क आहे, असे १९८९ च्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे. गरिबाचे मूल काम असते म्हणून खेळत नाही आणि सुखवस्तू घरातले मूल शिकवण्या असतात म्हणून खेळत नाही. दोघांचा घोडा मातीतच राहतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. एका वर्षी आमच्या शाळेत बालदिनाला प्रमुख पाहुणे येणार होते. मुले साडेसातपासून मैदानात रांगेत उभी होती. पाहुण्यांना उशीर झाला. दहा वाजले, ऊन चढले. ‘हलू नका, बोलू नका’ असे मी ध्वनिक्षेपकावरून सांगत होतो. एवढ्यात पाचवीतला एक मुलगा भोवळ येऊन पडला. त्याला सावलीत नेले, पाणी पाजले. विचारले तेव्हा कळले, की त्याने आदल्या रात्रीपासून काही खाल्ले नव्हते. त्याचे आईवडील द्राक्षबागेत मजुरी करीत आणि उजाडण्यापूर्वीच कामाला जात. त्याची मोठी बहीण आमच्याच शाळेच्या पटावर होती. ती त्या दिवशी बागेच्या बांधावर तान्ह्या भावाला सांभाळीत बसली होती. आणि मित्रहो, त्या वेळी बिस्किटांच्या पुड्यांनी भरलेली दोन खोकी माझ्या कार्यालयात कुलूपबंद होती. का? तर खाऊ पाहुण्यांच्या हस्ते वाटावयाचा होता म्हणून. किल्ली माझ्या खिशात होती.

त्या मुलाच्या बाबतीत तीनही तिकिटे मी एकाच सकाळी हरवून बसलो. तो उपाशी होता, त्याची बहीण शाळेबाहेर होती, आणि ज्या मैदानावर मुलांनी खेळावयाचे तेथे मी त्यांना पुतळ्यांसारखे उभे केले होते. दोष पाहुण्यांचा नव्हता आणि मजुरी करणाऱ्या त्या आईवडिलांचाही नव्हता. मुलांचा दिवस मी मोठ्यांसाठी साजरा करीत होतो, हा माझा दोष होता.

काही लोक म्हणतात, वर्षातून एक दिवस मुलांची आठवण काढून काय उपयोग? उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय? असले दिवस बंद करावेत, हेच बरे. हा आक्षेप मला पटत नाही. व्यापारी वर्षभर दुकान चालवितो, तरी पाडव्याला तो नवी वही उघडतोच. जुन्या वहीत येणे किती, देणे किती, हे पाहिल्याशिवाय नवे पान सुरू करीत नाही. हिशेबाचा दिवस नसेल, तर उधारी कधीच ध्यानात यावयाची नाही. बालदिन हा समाजाने मुलांच्या वहीतील देणे मोजण्याचा दिवस आहे. वही न उघडता नुसती पूजा करून उठणे जितके चूक, तितकेच वहीच जाळून टाकणे चूक.

दुसरा आक्षेप असा, की मुलांना आनंद मिळू द्या. त्यांच्या सणात हे गंभीर विचार कशाला? मुलांचा आनंद मला हवाच आहे. पताका असोत, गाणी असोत, खाऊ तर असावाच. माझे म्हणणे एवढेच आहे, की खाऊ आधी वाटावा आणि भाषण नंतर व्हावे. मुलांनी सावलीत बसावे आणि पाहुण्यांनी वाट पाहावी. त्या दिवशी प्रत्येक शाळेने हजेरीपट उघडून तीन प्रश्न विचारावेत: आज येथे कोण उपाशी आले आहे? पटावर नाव असून कोण आलेले नाही? आणि कोणाला खेळावयास वेळ मिळत नाही? यांची उत्तरे नावानिशी मिळाली आणि पुढच्या बालदिनापर्यंत त्यांतील एक नाव जरी कमी झाले, तरी तो बालदिन सार्थकी लागला असे मी समजेन.

विद्यार्थी मित्रहो, हे काम केवळ मोठ्यांचे आहे असे समजू नका. तुमच्या बाकावरची एखादी जागा चार दिवस रिकामी असेल, तर ते सर्वांआधी तुम्हांला कळते. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारा सोबती सर्वांआधी तुम्हांला दिसतो. ते पाहून गप्प बसू नका. गुरुजींना सांगा, घरी सांगा. आणि मोठ्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट जर पुराव्याशी जुळत नसेल, तर त्या मुलीप्रमाणे जुने पाकीट घेऊन निर्भयपणे समोर या. तिने माझी एक तारीख दुरुस्त केली, एवढेच मला त्या दिवशी वाटले होते. पुढे बिस्किटांची ती खोकी मी उघडायला लागलो ती पहाटेच, मुले येण्यापूर्वी. तेव्हा कळले की तिने त्याहून बरेच काही दुरुस्त केले होते.